मेंदूला नाक फुटलंय म्हणे! त्या फॉरवर्डचा जरा हिशोब

मंडळी, एकच मेसेज मला आठ दिवसांत सहा ग्रुपवर आला. दहावीच्या बॅचचा ग्रुप, अपार्टमेंटचा, आमच्या तालमीचा, दोन पाहुण्यांचे आणि सहावा कुठला ते आता आठवतही नाही. तुम्हालाही आला असेलच, तरी थोडक्यात देतो:

"मेंदूच्या पेशींनाही वास येतो!! या शोधाला २००४ चं नोबेल मिळालंय. वासाचा रेणू नाकातनं थेट मेंदूच्या पेशीवर जाऊन बसतो. कंपवातात हे वासाचे जीन झोपतात, वास दिला की जागे होतात. जर्मनीत चंदनाच्या वासानं केस उगवून दाखवलेत. म्हणून रोज उपाशीपोटी कापूर, लवंग, ओव्याची पोटली दहा मिनिटं हुंगा, गोळ्या आपोआप सुटतील. दहा जणांना पाठवा."

एरवी मी असलं काही वाचून पुढं जातो. पण परवा कागलहून मामीचा फोन आला, "अरे, ह्यांनी दुपारची गोळी बंद केलीय पाच दिवस झालं, पोटली हुंगत बसतात, आणि आता खुर्चीतनं उठवत नाही त्यांना." मामाला सहा वर्षं झाली पार्किन्सन, म्हणजे मेसेजातला तो कंपवात, होऊन. तर आता गप्प बसणं काय जमणार नाही.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलीय आणि कोल्हापुरात राजारामपुरीत एका लॅबमध्ये पीसीआर मशीन (जीनच्या तुकड्याच्या भरमसाट प्रती काढून तो आहे का ते दाखवणारं) चालवतो, त्यामुळं जीन "सापडला" म्हणजे नक्की काय सापडलं एवढं मला रोजच्या कामातनं कळतं. आणि दुसरं, या मेसेजात सगळंच खोटं असतं तर बरं झालं असतं, दोन ओळीत उडवला असता. गोची अशी की यातला निम्मा मालमसाला खरा आहे, त्यावर फोडणी भलतीच घातलीय.

नोबेलचं आधी मिटवून टाकू. २००४ चं नोबेल मिळालं रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना, बरोबर. पण कशाला? नाकातल्या वासाच्या रिसेप्टरांचं, म्हणजे वासाचा रेणू ओळखणाऱ्या पेशीवरच्या प्रोटीनांचं, जीनचं मोठं कुटुंब त्यांनी १९९१ मध्ये शोधलं, उंदीरवर्गातल्या प्राण्याच्या म्हणजे रॅटच्या नाकाच्या अस्तरात, आणि नाकातनं मेंदूकडं वायरिंग कसं जातं ते पुढं उलगडलं, त्याला. मेंदूच्या इतर पेशींत हे जीन सापडण्याशी त्या बक्षिसाचा संबंध नाही. संपला विषय.

आता मोठा मुद्दा, "मेंदूच्या पेशींना वास येतो".

आपला दसरा चौक सगळ्यांना माहितीय. तिथं दसऱ्याचा सोहळा होतो म्हणून ते नाव, पण म्हणून तिथं वर्षभर सोनं लुटत बसतात का लोक? उरलेले ३६४ दिवस तिथं ट्रॅफिकच असतं. "वासाचा रिसेप्टर" हे नाव अगदी तसंच पडलंय. पहिल्यांदा नाकात दिसला म्हणून वासाचा. हे प्रोटीन मुळात आहे काय तर पेशीच्या पातळ आवरणातनं सात वेळा आत-बाहेर ओवलेलं एक लांब दोरीसारखं प्रोटीन, चामड्यातनं वादी ओवतात तसं म्हणा. बाहेरच्या बाजूनं त्याच्या खोबणीत एखादा रेणू बसला की आतल्या बाजूला पेशीला निरोप जातो. याच खानदानात ॲड्रिनलिनचे रिसेप्टर आहेत, डोळ्यात उजेड ओळखणारं ऱ्होडोप्सिन आहे, आणि मजा बघा, मामाच्या आजारात मेंदूतलं जे रसायन कमी पडतं त्या डोपामिनचे रिसेप्टरसुद्धा आहेत. म्हणजे रेणू ओळखणं आणि निरोप देणं एवढंच यांचं काम. तो निरोप "वाह काय मोगऱ्याचा वास" असा होतो तो नाकातल्या पेशीची वायर मेंदूच्या ठरावीक जागी जाते म्हणून. ती वायर नसेल तर वास बिस काही नाही, निव्वळ रसायनाची खबर.

आणि हे रिसेप्टर नाकाबाहेर सापडणं ही काय कालची ब्रेकिंग न्यूज नव्हे. ॲक्सेल-बक यांच्या पेपरनंतर एकाच वर्षात, १९९२ ला, बेल्जियमच्या गटाला ते वृषणातल्या पेशींत दिसले. २००३ ला माणसाच्या शुक्राणूत असा एक रिसेप्टर काम करताना दाखवला, बोर्जिओनाल नावाच्या फुलासारख्या वासाच्या रसायनाच्या दिशेनं लॅबमध्ये शुक्राणू वळत होते. २०१३ ला अमेरिकेत जेनिफर प्लुझनिक यांच्या गटानं उंदराच्या किडनीत ओएलएफआर७८ नावाचा रिसेप्टर दाखवला, तो आतड्यातल्या जंतूंनी बनवलेली छोटी फॅटी ॲसिडं ओळखतो आणि ब्लडप्रेशरच्या नियंत्रणात भाग घेतो. आता सांगा, किडनीला वास येतो म्हणून कुणी कमरेला अत्तर चोपडलंय का? नाही ना. कारण किडनीतल्या त्या रिसेप्टरला बाहेरच्या फुलाशी देणंघेणं नाही, त्याला रक्तातनं आलेला रेणू हवा असतो. मेंदूच्या पेशींचंही तसंच असावं असं यात काम करणारे बरेच लोक मानतात, म्हणजे तिथं रिसेप्टर असलाच तर तो शरीरातलंच काहीतरी, शेजारच्या पेशीनं सोडलेलं, जंतूनं टाकलेलं, चयापचयातनं तयार झालेलं, ते चाचपत असणार.

आणि याची एक दोन उदाहरणं खरंच भारी आहेत, मेसेज लिहिणाऱ्यानं ही टाकली असती तर मी शेअर केला असता! कोरियातल्या एका गटानं २०२० ला दाखवलं की उंदराच्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या राखणदार पेशी म्हणा, त्यांच्यात ओएलएफआर११० आणि १११ हे रिसेप्टर आहेत आणि न्यूमोनियाचा जंतू, तोच जो मेंदुज्वरही करतो, त्यानं सोडलेला एक रेणू त्यांना लागला की या पेशी जाग्या होतात. म्हणजे चोराच्या अंगाचा वास कुत्र्याला आला म्हणा हवं तर, पण त्या घरातल्या माणसाला काही वास आलेला नाही, तो झोपलाय. त्याआधी २०१९ ला ॲस्ट्रोसाइट नावाच्या, मेंदूतल्याच आधार देणाऱ्या पेशींत असाच दुसरा एक रिसेप्टर छोट्या फॅटी ॲसिडला प्रतिसाद देतो असं दाखवलं. दोन्ही कामं उंदराच्या पेशींवरची आहेत, हे विसरायचं नाही.

आता "जीन सापडले" या शब्दावर येतो, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे आणि इथं जरा लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

माणसात वासाच्या रिसेप्टरचे चालू जीन आहेत साधारण ४००, आणि मोडके, काम न करणारे अजून साधारण ६००. आपल्या प्रोटीन बनवणाऱ्या जीनपैकी जवळपास दोन टक्के एकट्या वासावर खर्ची पडलेत, रस्सा उगाच नाही आवडत आपल्याला. २० नंबरचा आणि वाय हे दोन सोडले तर सगळ्या क्रोमोसोमवर हे पसरलेत. आता हे जीन प्रत्येक पेशीच्या डीएनएत असतातच, नखात पण आणि आतड्यात पण. त्यामुळं "मेंदूत वासाचे जीन आहेत" हे वाक्य काहीच सांगत नाही. प्रश्न असतो तो चालू आहे का, म्हणजे त्याची आरएनए प्रत निघतीय का, आणि निघत असेल तर तिच्यापासनं प्रोटीन बनतंय का, आणि बनलं तर ते पेशीच्या आवरणापर्यंत पोचतंय का, आणि पोचलं तर काही करतंय का. चार पायऱ्या झाल्या. नाकातल्या पेशीत प्रत्येक पेशी साधारण एकच रिसेप्टर निवडते आणि तो दणकून बनवते. मेंदूत बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर बारीकसं टिमटिमताना दिसतं.

कोविडात सगळं कोल्हापूर सीटी व्हॅल्यूचं तज्ज्ञ झालं होतं आठवतंय? "माझी ३४ आलीय, म्हणजे बारीकच आहे." तेच इथं लावा. आकडा जितका मोठा तितका माल कमी. मेंदूतल्या यातल्या बऱ्याच जीनचा माल इतका कमी असतो की पेशीनं सहज गळू दिलेली प्रत आणि मुद्दाम काढलेली प्रत यात फरक करणं अवघड होतं. त्यात आणखी एक भानगड. बहुतेक जीनमध्ये मधेमधे वगळायचे तुकडे असतात, आरएनए बनताना ते कापले जातात, म्हणून आम्ही प्रायमर, म्हणजे हवा तो भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, असे लावतो की डीएनएवरनं आलेला तुकडा लांब आणि आरएनएवरनं आलेला आखूड दिसतो, लगेच कळतं. वासाच्या रिसेप्टरचा प्रोटीनवाला भाग सलग एका तुकड्यात असतो. कापाकापीच नाही. मग सॅम्पलमध्ये थेंबभर डीएनए राहिला तरी हुबेहूब तोच बँड येतो आणि माणूस खूश, सापडला सापडला! म्हणून डीएनए आधी खाऊन टाकणारं एन्झाइम घालायचं आणि आरटी, म्हणजे आरएनएवरनं डीएनए बनवणारं एन्झाइम, न घातलेला कंट्रोल सोबत चालवायचा, हा नियम आहे. नीट काम करणारे पाळतात. पण न पाळलेलं एखादं "सापडला" पुढं सातजण नकलतात. प्रोटीन दाखवायला अँटीबॉडी वापरतात, तिचंही तेच, हे चारशे भाऊ एकमेकांसारखे दिसतात, धरायला गेलो थोरल्याला आणि हातात आला धाकटा. आणि शेवटचं, यातल्या कितीतरी रिसेप्टरांना नेमका कुठला रेणू लागू पडतो हे ठाऊकच झालेलं नाही, अनाथ रिसेप्टर म्हणतात त्यांना. किल्ली माहीत नसलेल्या कुलपासाठी तुम्ही कापूर देताय.

याचा अर्थ मेंदूत काहीच नाही असं मी म्हणत नाही बरं का. इटलीतल्या गटानं २०१४ ला उंदराच्या मध्यमेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशींत असे बरेच रिसेप्टर चालू असल्याचं मांडलं आणि वासाच्या रेणूसारखी रसायनं घातल्यावर त्या पेशी प्रतिसाद देतात असंही दाखवलं. दखल घेण्यासारखं काम आहे. पण पेशींवर रसायन थेट घालून. नाकाला फडक्यात बांधून नव्हे.

त्यावरनंच पुढचा मुद्दा, "रेणू नाकातनं थेट मेंदूच्या पेशीवर बसतो". हे साफ चूक. वास घेता तेव्हा रेणू नाकाच्या छताशी असलेल्या ओलसर अस्तरात विरघळतो, तिथल्या पेशीच्या रिसेप्टरवर बसतो आणि तिथंच थांबतो. पुढं जातो तो विजेचा निरोप, चाळणीसारख्या हाडातनं वर मेंदूच्या पुढच्या गड्ड्यात, आणि तिथनं आत. दारावरची बेल दाबली की आवाज स्वयंपाकघरात जातो, बेल दाबणारा पाव्हणा बाहेरच उभा असतो, तसं. वासानं लगेच आठवण येते, मूड बदलतो, गुऱ्हाळाजवळनं जाताना उकळत्या काकवीचा वास आला की मला अजून आजोळचं अंगण दिसतं, ते सगळं या वायरिंगमुळं.

हां, आता कुणी हुशार म्हणेल की कापरासारखा तेलात विरघळणारा रेणू श्वासातनं रक्तात थोडा जातोच की, आणि रक्तातनं मेंदूत. बरोबर आहे, जातो. आणि जास्त गेला की काय होतं ते ऐका: लहान पोरानं कापराची वडी चुकून खाल्ली तर झटके येतात, फिट. हे डॉक्टरांना फार जुनं माहितीय. मेंदूपर्यंत कापूर पोचतो याचा सगळ्यात पक्का पुरावा हाच आहे, तेव्हा तो औषध म्हणून मिरवायचा की पोरांच्या हाताला न लागेल असा ठेवायचा ते बघा. ही पोटली २०२१ ला पण फिरली होती, तेव्हा म्हणे ऑक्सिजन वाढवत होती. तीच पोटली, आता मेंदूवर बदली झालीय.

"कंपवातात हे जीन झोपतात, वास दिला की जागे होतात." इथं दोन वाक्यं आहेत, पहिल्यात तथ्य आहे आणि दुसरं मनचं. बार्सिलोनाच्या इसिद्रे फेरर यांच्या गटानं २०१३ ला पार्किन्सननं गेलेल्या लोकांच्या मेंदूचा पुढचा भाग तपासला आणि वासाच्या काही रिसेप्टर जीनचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. चवीच्या रिसेप्टरांपैकी काही कमी, काही उलट वाढलेले. पण गुऱ्हाळाच्या चिमणीतनं धूर येईना झाला म्हणजे आत काम थांबलंय हे कळतं, म्हणून चिमणीत उदबत्ती लावून धूर काढला तर काहीलीत रस उकळायला लागेल का? आजारानं जीन कमी झाले की जीन कमी झाल्यानं आजार वाढला, की तिसऱ्याच कशामुळं दोन्ही झालं, हे गेलेल्या माणसाच्या मेंदूच्या तुकड्यावरनं ठरत नाही. आणि वास हुंगल्यावर ते परत वाढतात हे त्या कामात कुणी तपासलेलंच नाही, तपासणार कसं, माणूस गेलेला!

यात अजून एक घोळ मिसळलाय. पार्किन्सनमध्ये हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी वास कमी होऊ शकतो, हे खरं आहे. मामाचंच सांगतो, मामी म्हणायची तांबडा रस्सा चुलीवर करपला तरी ह्यांना कळत नाही, आम्ही सगळे हसायचो. पण ते नाकाच्या वायरिंगचं बिघडणं, मेंदूतल्या आतल्या पेशींवरच्या रिसेप्टरांची गोष्ट वेगळी. दोन्हींत "वास" हा शब्द आला म्हणून लोकांनी एकच खिचडी केली. वासाचा व्यायाम म्हणून एक खरा प्रकार आहे, जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ ला मांडलेला, गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग असे चार वास दिवसातनं दोनदा बारा आठवडे. कोविडात वास गेलेल्यांना डॉक्टर सांगायचे तोच. त्यानं काहींचा वास सुधारतो. वास सुधारतो, कंपवात नव्हे. ज्याला करायचाय त्यानं जरूर करावा, गोळ्या चालू ठेवून.

चंदनाचं. जर्मनीतल्या बोखुमच्या हान्स हाट यांच्या गटानं २०१४ ला कातडीच्या पेशींत ओआर२एटी४ हा रिसेप्टर दाखवला, सँडलोअर घातलं की पेशी वाढतात, जखम भरल्यासारख्या सरकतात. २०१८ ला दुसऱ्या कामात डोक्याच्या कातडीचे तुकडे लॅबमध्ये जगवून त्यावर तेच घातलं, केसांच्या मुळांची वाढीची अवस्था लांबली. टकलावर जंगल उगवलं असं कुठंही नाही. आणि सँडलोअर म्हणजे चंदन नव्हे ओ, चंदनासारखा वास येणारं कारखान्यात बनवलेलं रसायन आहे ते. सहाणेवर उगाळलेलं चंदन कपाळाला लावा, थंड वाटतं, बास. शिवाय हे वास हुंगून झालेलं नाही, पेशींवर ओतून झालंय, तीच गोष्ट परत.

आणि "रिसेप्टर जागा झाला म्हणजे चांगलंच" हे गृहीत कुणी धरलं? प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशींत ओआर५१ई२ नावाचा एक आहे. २००९ ला बोखुमच्याच लोकांनी दाखवलं की बीटा-आयोनोन, व्हायोलेटच्या फुलाच्या वासाचा रेणू, त्याला लावला की पेशींची वाढ मंदावते. २०१४ ला फ्रान्सच्या गटानं दाखवलं की त्याच रिसेप्टरला तोच रेणू लावला की पेशी आजूबाजूला घुसायला लागतात. तेच कुलूप तीच किल्ली, एकीकडं दार लागलं आणि दुसरीकडं उघडलं. म्हणून तर यावर औषध काढायचं म्हणणारे लोक दमानं घेतायत, आणि आपण दहा मिनिटांत दहा जणांना पाठवतोय.

राहिली गोळी. मामाच्या गोळीत लेव्होडोपा आहे, मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं, कारण ते बनवणाऱ्या पेशी कमी झाल्यात. कापूर डोपामिन बनवत नाही. ही गोळी एकदम बंद केली तर अंग लाकडासारखं कडक होतं, काहींना जोराचा ताप चढून थेट आयसीयूत न्यावं लागतं, जीवावर बेतू शकतं. कमी-जास्त करायची तर ज्यानं सुरू केली त्या डॉक्टरला विचारूनच, भाच्याला पण विचारून नाही.

रविवारी कागलला जाऊन आलो. मामा म्हणाला, "पण अरे, लिहिणारा काय खुळा आहे का?" मी म्हटलं, "मामा, लिहिणाऱ्याचं नाव आहे का खाली कुठं?" त्यांनी चष्मा लावून फोन वरखाली केला, दोनदा. नव्हतं. सोमवारी डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी गोळी परत चालू केली आणि वेळ जेवणाच्या आधी अर्धा तास अशी बदलून दिली, कारण डाळ-मटणाचं प्रोटीन तिच्या वाटेत येतं. आता भिंत धरून का होईना, आपलं आपण उठतात. पोटली मामीनं पैठणीच्या ट्रंकेत टाकलीय, कसर लागू नये म्हणून.